बुफेतलं दुसरं ताट

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं शिक्षण छत्रीत झालं. छत्री म्हणजे पावसातली नव्हे. आमच्या ग्वाल्हेरात, लश्कर भागात, राजघराण्यातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं दगडी देऊळ बांधायचे, त्याला छत्री म्हणतात. आत मूर्ती असते ती देवाची नाही, त्या गेलेल्या माणसाची. तिला रोज आंघोळ, रोज कपडे, थंडीत शाल आणि वेळच्या वेळी जेवण. माझे आजोबा तिथे हुजरे होते, मग बाप, मग मी. झाडलोट करायची, पाणी भरायचं, मूर्तीचे कपडे धुऊन इस्त्री करायचे, मुदपाकखान्यातून नैवेद्याचं ताट झाकून आणायचं. पूजा भटजी करायचे. ताट ठेवलं की पडदा ओढायचा, कारण जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. माणसाला जेवायला लागतो तेवढा वेळ पाठ करून उभं राहायचं. मग पडदा सारायचा. ज्याची पाळी असेल त्यानं ते ताट घरी न्यायचं.

माझ्या पाळीचं ताट माझी बायको खायची. तेव्हा आम्ही खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात दोन खोल्यांत राहायचो. मी घरी पोचेपर्यंत ताट गार व्हायचं. माझ्या आईचं, पोराचं, माझं जेवण झालं की ती ते घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसायची आणि म्हणायची, "मेलेल्याला गरम, जितीला गार. चांगला कायदा आहे तुमच्या छत्रीचा."

मी म्हणायचो, "मग गरम करून घे ना."

"गार तर गार. पोटात गेलं की सगळं गरमच."

हे ती हसत म्हणायची. रागात असती तर मला कळलं असतं. तिला राग लपवता येत नव्हता.

गेल्या दसऱ्याच्या आधी ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणली ती तशी. त्यावर जास्त लिहीत नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि थाटीपुरला मुलाच्या सरकारी क्वार्टरात आम्ही चौघं उरलो. मुलगा, सून, नात आणि मी. त्या दिवशी सून वाढायला लागली तेव्हा मी म्हटलं, "पहिलं ताट तिचं वाढ." तिनं वाढलं. माझ्या बायकोचं ताट वेगळं होतं, जाड काठाचं, माहेरून आलेलं, मागे तिचं लग्नाआधीचं नाव कोरलेलं. स्वयंपाकघराच्या दाराशी ती बसायची तिथे पाट मांडला, ताट ठेवलं, पाणी फिरवलं. मी सगळ्यांना म्हटलं, तिकडे बघू नका. आम्ही चौघं भिंतीकडे तोंड करून बसलो. नंतर ताट उचललं आणि मग आम्ही जेवलो.

त्यांना वाटलं, आजच्यापुरतं असेल. मी दुसऱ्या दिवशीही वाढायला लावलं. तिसऱ्या दिवशी सुनेनं न विचारता वाढलं. पुढे तेच रोजचं झालं, सकाळचंही आणि रात्रीचंही.

घरात कुरबुर सुरू झाली. मुलाला दफ्तरची घाई, नातीला शाळेची. सगळ्यांनी थांबायचं, कारण तिच्याआधी कोणी जेवायचं नाही. नंतर ते ताट खायला कोणी तयार नसायचं. मुलगा म्हणाला, मला होणार नाही. मीही हात लावला नाही, ते तिचं होतं. मग सून ते कॉलनीच्या फाटकाशी गायीला घालून यायची. ती आली की पोळ्या परत गरम करायची, आम्हाला वाढायची.

एकदा मुलानं विचारलंच. "बाबा, हे किती दिवस चलणार? मतलब, कोई हद तो होगी."

"छत्रीत माझ्या आजोबांच्या आधीपासून चालू आहे."

"ते राजे होते, बाबा."

"आणि ही कोण होती?"

त्यानं विषय सोडला. पण त्यानं मनातून काढलं नाही. डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली तेव्हा म्हणाला, जैसलमेरला जाऊ. दफ्तरातले दोघंतिघं जाऊन आलेत. वाळूत तंबू लावलेले असतात, तिथे राहायचं, उंटावर बसायचं, रस्त्यात जुन्या इमारती बघायच्या. मी म्हटलं, वर्ष झालं नाही अजून. तो म्हणाला, सण नाही करत आपण, फक्त जाऊन राहिलोय. आणि मग मुद्द्याचं बोलला. "तिथे ताट नाही, आणि आल्यावरही नाही. चार दिवस सुटलं की सुटेल. छोटी आता त्या दाराकडे बघायला घाबरते, बाबा."

छोटी म्हणजे नात. ती घाबरते हे मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मागे एकटा राहिलो असतो तर मला चहाशिवाय काही येत नाही, मग ताट वाढणार कोण आणि त्यात काय. म्हणून निघालो. स्वेटरमध्ये गुंडाळून तिचं ताट बॅगेत खाली ठेवलं. सुनेनं बघितलं. वरून टॉवेल ठेवून दिला.

सून मुरैन्याची. माहेरची हिंदी. मराठी ती माझ्या बायकोकडून शिकली, तेही स्वयंपाकघरात, त्यामुळे तिला भाज्यांची आणि भांड्यांची मराठी चांगली येते, बाकीची तोडकी. सासूसुनेचं भांडण व्हायचं ते दोन भाषांत व्हायचं आणि दोघींना पूर्ण कळायचं.

रेल्वेनं जैसलमेर गाठलं. तिथून मुलानं गाडी ठरवली. गाडीवाला तिथलाच, मोठ्या मिशांचा, बडबड्या. तंबू गावापासून लांब, वाळूकडे. रस्त्यात बघायचं ते बघत जाऊ म्हणाला, आणि शहराबाहेर पडल्यावर थोड्या वेळानं गाडी थांबवली.

समोर टेकडीवर ओळीनं छत्र्याच छत्र्या. पिवळा दगड, वर घुमट, चारी बाजूंनी उघड्या. मागे पवनचक्क्या फिरत होत्या. नात म्हणाली, "आजोबा, ये भी आपके ऑफिस जैसा है?"

"हो. तसंच."

तसंच नव्हतं. तिकीट काढून वर गेलो. लोक बूट घालून आत जात होते. एक नवराबायको लग्नाचे कपडे घालून फोटो काढत होते आणि फोटोवाला ओरडत होता, थोडं हसा, थोडं हसा. प्रत्येक छत्रीत एक उभा दगड, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला, काहींत शेजारी हात जोडलेल्या बायका. दिवा नाही, फूल नाही, कबुतरांची घाण. मी गाडीवाल्याला विचारलं, "इनको खाना कौन देता है?"

"किनको?"

"इनको."

तो हसला. "बाबोसा, मरे हुओं को कौन खिलाता है?"

मी त्याला समजावत बसलो नाही. गाडीतून डबा घेऊन आलो. सुनेनं रात्री केलेल्या दशम्या होत्या, गूळ होता. कडेच्या एका लहान छत्रीत कोणी नव्हतं. तिथे हातानं माती सारली, पानासारखा कागद पसरला, दशमी आणि गूळ ठेवला, बाटलीतलं पाणी फिरवलं. मग पाठ करून बसलो. पडदा नव्हता, म्हणून वाळवंटाकडे बघत राहिलो. चांगलं ऊन होतं. सवयीचं काम, बरं वाटलं.

मागे खुडखुड झाली. मी वळलो नाही, वळायचं नसतं. मग सगळे हसायला लागले तेव्हा बघितलं, तर एक काळी बकरी दशमी संपवून कागद चघळत होती.

मुलगा हसत होता, गाडीवाला तर खाली बसला. "महाराज प्रसन्न हो गए बाबोसा, पहली बार कुछ मिला है!" मलाही थोडं हसू आलं, खोटं कशाला बोलू.

सून हसली नाही. कागद बकरीच्या तोंडातून ओढून काढला आणि म्हणाली, "घरी गाय खाते, इथे बकरीने खाल्लं. एकच झालं ना, बाबा?"

"एकच कसं? आमच्या छत्रीत जनावराला कधी नाही गेलं ताट."

"फिर कौन खाता था?"

"तुझी सासू."

तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी नोकरी संपली होती, आम्ही खासगी बाजार सोडला होता. मी थोडक्यात सांगितलं, पाळी, पडदा, गार ताट. ती म्हणाली, "रोज?" मी म्हटलं, पाळी असेल तेव्हा. मग ती कागदाची घडी करत गाडीत जाऊन बसली.

मध्ये एक ओसाड गाव लागलं. फार जुन्या काळी सगळेच्या सगळे लोक उठून गेले, परत आले नाहीत. का गेले ते गाडीवाल्यानं एक सांगितलं, तिथल्या माणसानं दुसरं. भिंती उभ्या होत्या, छपरं नव्हती. एका घरात चुलीची जागा होती, काळी पडलेली. सून तिथे उकिडवी बसून म्हणाली, "हवा इधर से आती होगी, धूर सारा तोंडावर." आणि उठली. बाकीचे लोक फोटो काढत होते, ही धुराचं बघत होती.

दुपार उतरताना तंबूंशी पोचलो. वाळूच्या कडेला गोल करून पांढरे तंबू, मध्ये मोकळं अंगण, गाद्या, लोड. तंबूत पलंग, आरसा आणि मागे टाइल्स लावलेला संडास. मी मुलाला म्हटलं, आपले पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले ते असेच तंबूत उतरले होते, तळ पडला म्हणून तर लश्कर नाव पडलं. त्यांना असा संडास मिळाला असता तर पुढे लढायला गेलेच नसते. तो हसला. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो.

मुलगा आणि नात उंटावर गेले. सून बॅगा लावत राहिली. मी चपला काढून वाळूत चाललो. वर ऊबदार, खाली पाय रुतला की गार. बारीक, पिठासारखी. बायको असती तर म्हणाली असती, भांडी घासायला चांगली आहे, एक पिशवी भरून घ्या. खासगी बाजारात ती राखेनं घासायची आणि राख संपली की माझ्यावर ओरडायची, जसं काही राख मीच खातो. मी तिथे बसलो थोडा वेळ. सूर्य गेला. सगळे टाळ्या वाजवत होते. सूर्य रोज जातो, टाळ्या कशाला, कळलं नाही.

अंधार पडल्याबरोबर गाणीबजावणी सुरू झाली आणि एका बाजूला जेवण लागलं. बाजरीची भाकरी, गट्ट्याची भाजी, सांगरी, डाळ, भात, लापशी, सगळ्याखाली जाळ. मी माझं ताट भरून ठेवलं, आणि मग तिचं ताट घेऊन परत ओळीत उभा राहिलो.

तिथला मॅनेजर कोट घातलेला, तरणा माणूस. म्हणाला, "अंकल, बाहर का बर्तन नहीं चलेगा. और आप तो ले चुके हो."

"ये मेरा नहीं है."

"किसका है? आपकी बुकिंग में तीन बड़े हैं, एक बच्चा."

"एक बाई और है. पीछे."

त्यानं खरंच माझ्या मागे बघितलं. मागे एक गुजराती शेठ पोट धरून उभे होते. मॅनेजर म्हणाला, "कहाँ?"

"दिखेगी नहीं. मर गई."

शेठ म्हणाले, "दे दो भाई, दे दो, बुजुर्ग है." मॅनेजरनं स्वतः वाढलं. भाकरी तव्यावरची मागवली, वर तूप सोडलं. चांगला माणूस होता. बोलायला मीच कडक.

मुलगा लांबून बघत होता. त्याचं तोंड उतरलं होतं. मी तंबूसमोर शेकोटीला लागून एक स्टूल घेतलं, त्यावर तिचं ताट ठेवलं, पाणी फिरवलं आणि खुर्ची उलटी करून बसलो. मुलगा जवळ आला. "बाबा, तुम्ही म्हटलं होतं."

"मी काही म्हटलं नव्हतं. तू म्हटलं होतंस."

तो माझ्या शेजारी उभा राहिला, मग निघून गेला. मी समोर बघत बसलो. खुर्ची उलटी केल्यामुळे माझं तोंड जेवणाच्या जागेकडे होतं, नाहीतर मला पुढचं दिसलंच नसतं.

सून नातीला घेऊन फिरत होती. पोरीला सगळंच तिखट लागत होतं. सून आतल्या भटारखान्यात गेली, दूध मागून आणलं, भात कालवला, भरवला. पोरीच्या डोळ्यात वाळू गेली, ती धुतली. मुलाची शाल हवी होती, ती तंबूतून आणून दिली. मला पाण्याची बाटली आणून ठेवली, माझ्याशी न बोलता, तिकडे न बघता. मग पोर झोपेला आली, तिला आत निजवून आली. तोपर्यंत जेवणाच्या जागी जाळ विझवले होते, पोरं भांडी उचलत होती. ती ताट घेऊन गेली. तळाची डाळ मिळाली, थोडा भात, दोन भाकऱ्या पापडासारख्या झालेल्या. माझ्याजवळ येऊन गादीवर बसली.

मी म्हटलं, "गार असेल ते."

ती म्हणाली, "गार तर गार. पोटात गेलं की सगळं गरमच."

तेच शब्द. तशीच मान उडवून. मुरैन्याची पोर स्वयंपाकघरात मराठी शिकली ती अशी. म्हणजे माझी बायको हे शेवटपर्यंत म्हणत होती, आणि ही शेजारी बसून गार खात होती, आणि तिच्यानंतरही खात होती. घरी तिचं ताट पहिलं, मग गाय, मग आम्ही, मग ही. हे मला मोजून दाखवायला कोणी नको होतं. रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी तर भिंतीकडे तोंड करून बसायचो.

मी उठलो. पडदा नव्हता, तरी हातानं सारल्यासारखं केलं, जुनी सवय. स्टुलावरचं ताट उचललं. शेकोटीच्या धगीनं तूप अजून पातळ होतं. सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि बायकोचं ताट तिच्यासमोर ठेवलं.

"खा."

"बाबा, हे आईंचं आहे."

"तिचं झालं जेवून. आमच्या छत्रीत ताट असं ठेवत नाहीत. कोणीतरी खातं. खा, गरम आहे तोवर."

तिनं मुलाकडे बघितलं. तो तंबूच्या दोरीला धरून उभा होता. तिनं भाकरी मोडली. पहिला घास घेताना थांबली, मग घेतला. मी परत पाठ करून बसलो, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये म्हणून. मागून भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. छत्रीत एवढी वर्षं पाठ करून उभा राहिलो, पण मागून आवाज कधी आला नव्हता.

माझं भरून ठेवलेलं ताट तोवर पोरांनी उचलून नेलं होतं, तिची तळाची डाळ मी खाल्ली. गार होती. भाकरी तर चावत नव्हती. पोटात जाऊनही गरम झाली नाही, ती बाई उगाच बोलायची.

सुनेचं झाल्यावर ताट मी घेतलं. भांडी उचलणारा म्हणाला, "बाबाजी रख दो, हम धो देंगे." मी म्हटलं, हे तुमचं नाही. तंबूमागे जाऊन वाळूनं घासलं. खरंच चांगलं निघतं. मागचं नाव उजळून आलं. सकाळी निघताना एक पिशवी भरून घेतली. मुलगा म्हणाला, बाबा, ही वाळू कशाला? मी म्हटलं, तुझ्या आईनं सांगितलंय. त्यानं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि डिकीत ठेवली.

ताट बंद झालं नाही. मुलानं परत विषय काढला नाही. पण आता पाट दाराशी नाही, आमच्या ओळीत असतो, आणि पाठ करून बसायचं ते थोडंच. मग त्याच पाटावर सून बसते आणि ते गरम ताट जेवते, सगळ्यांच्या आधी. तोवर आम्ही आपलं आपण वाढून घेतो. मला भात सांडल्याशिवाय वाढता येत नाही, नात हसते. ती आता घाबरत नाही, कारण ताटासमोर तिची आई बसलेली असते.

सुरुवातीला सून लाजायची. आता ताटावरून मला सांगते, आज आईंना मीठ कमी पडलं. फक्त कारल्याच्या दिवशी ती पाटावर बसत नाही. म्हणते, "आज आईंना सावकाश जेवू द्या, बाबा."

मी म्हणतो, "तिलाही आवडत नव्हतं. बस."